चौकशीकाकूंचा गृहपाठ

चौकशीकाकूंवर मी एकदाच ओरडलो, आणि त्या दिवशी बरोबर त्याच होत्या. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी स्वतःला फार शहाणा दाखवायला लागलो तर वाचणाऱ्याला निदान माझा लगाम खेचता येईल.

काकू मला भेटल्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्या बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसल्या होत्या. आम्ही त्यांना चौकशीकाकू म्हणायला लागलो आणि त्यांना ते आवडलं. ठेंगण्या, गोलसर, चष्म्याला दोरी लावलेल्या, आणि हातात कायम एक रुमाल, जो मी कधी वापरलेला पाहिला नाही. मला त्या आकडेराव म्हणायच्या. माझं काम आकड्यांचं आहे आणि माझा स्वभावही तसाच आहे, असं माझी बायको म्हणते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आमचं केंद्र एका जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर आहे. अपघातातून, आगीतून, मारहाणीतून वाचलेली माणसं असतात ना, शरीराने वाचलेली पण मनाने अजून तिथेच अडकलेली, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टना आम्ही एक पद्धत शिकवतो. ही पद्धत कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही, बऱ्याच अभ्यासांत ती कसोटीला उतरली आहे. ऐकायला सोपी आहे. जी आठवण माणूस टाळतो, ती त्याने डोळे मिटून, आत्ता घडते आहे अशी सांगायची. पुन्हा सांगायची. ते बोलणं रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. आणि ‘माझ्यामुळेच झालं’ असं जे मनात रुतून बसलेलं असतं, ते थेरपिस्टबरोबर शांतपणे उलटून पालटून बघायचं. हळूहळू आठवण आठवणच राहते, पण तिचा चटका कमी होतो. सोपं आहे ते एवढंच. समोर माणूस रडत असताना गप्प बसून पुढचा प्रश्न विचारणं फार अवघड आहे. बहुतेकांचा हात लगेच पाण्याच्या ग्लासाकडे जातो.

शिकवायच्या त्या केंद्राच्या प्रमुख, आमच्या मॅडम. शिकवल्याने खरंच फरक पडतो का हे मोजायचो मी. त्यामुळे केंद्रात मॅडमना सगळे वाकून नमस्कार करत आणि मला बघून जिन्याने उतरून जात.

मोजायचं कसं? खऱ्या रुग्णांवर परीक्षा घेता येत नाही आणि घेऊही नये. शिवाय एक रुग्ण बोलका, दुसरा मुका, मग चांगलं काम कुणाचं ते कसं कळणार? म्हणून आम्हाला एक खोटी पेशंट हवी होती. गोष्ट तीच, पेशंट तीच, समोरचा थेरपिस्ट मात्र बदलत राहणार. शिकण्याआधी प्रत्येकाने तिच्याशी एक बैठक करायची, शिकल्यावर पुन्हा एक. दोन परीक्षक ती रेकॉर्डिंग ऐकून छप्पन्नपैकी गुण देणार, आणि कुठलं रेकॉर्डिंग आधीचं नि कुठलं नंतरचं हे त्यांना सांगायचं नाही. यात अख्खा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता. पेशंट बदलता कामा नये.

त्या जागेसाठी आधी एक नाटकात काम करणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी तीच गोष्ट पाच वेळा पाच तऱ्हांनी सांगितली आणि प्रत्येक तऱ्हा आधीपेक्षा सरस. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, मी मात्र यादीतलं नाव खोडलं. मग काकू आल्या. त्यांनीही पाच वेळा सांगितली, आणि पाचही वेळा उसासा त्याच शब्दानंतर. मी खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होतो.

“खिडकीतली सवय हो,” काकू म्हणाल्या. “दिवसाला पाचशे माणसं विचारणार, आठची गाडी कुठल्या फलाटाला लागते. तीनशेव्या माणसाने पहिल्यांदाच विचारलेलं असतं. त्याचा काय दोष? त्याला का म्हणून चिडकं उत्तर द्यायचं?”

गोष्ट आम्ही लिहून दिली होती. एका कापडाच्या दुकानात काम करणारी बाई. मागच्या गोदामाला आग लागते. आग पुढे येऊ नये म्हणून ती मधलं शटर ओढून घेते. आत तिची सहकारी असते, हे तिला नंतर कळतं. कागदावर लाल शाईने नियम होते. थेरपिस्टने “मग काय झालं?” असं एकदा विचारलं तर म्हणायचं, “मग काही नाही, बंब आला.” तो थांबला आणि त्याने पुन्हा विचारलं, तरच शटरचं सांगायचं. तो धीर द्यायला लागला तर विषय बदलायचा. खरी माणसं असंच करतात. सगळ्यात कठीण गोष्ट पहिल्या प्रश्नाला कुणी हातात ठेवत नाही.

बावीस थेरपिस्ट होते. पहिली फेरी तीन आठवडे चालली. खोली लहानशी, दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर रेकॉर्डर, आणि खिडकीबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान, जिथून ठोकठोक यायची. काकूंनी बावीसही वेळा काटेकोर काम केलं. नियमाला धरून, एक शब्द इकडेतिकडे नाही.

यातल्या सतरा नंबरबद्दल सांगायला हवं. कागदोपत्री आम्ही सगळ्यांना नंबरच दिले होते. सतरा नंबर पन्नाशीचा गृहस्थ, आधी शाळेत कवायत शिकवायचा, मग उशिरा शिकून या व्यवसायात आलेला. छाती रुंद, आवाज मैदानावरचा आणि काळीज लोण्याचं. काकूंनी “आग” म्हटलं मात्र, याने स्वतःची पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाला, “घाबरू नका, मी आहे ना! तुमची काहीएक चूक नाही.” चूक कसली हे अजून कुणी सांगितलंच नव्हतं. छप्पन्नपैकी नऊ गुण मिळाले.

“माणूस चांगला आहे हो,” काकू बाहेर येऊन म्हणाल्या. “पण मला बोलूच देत नाही.”

मग तीन महिने प्रशिक्षण चाललं. सरावासाठी दुसरी पेशंट शोधायची सोडून आम्ही काकूंनाच बसवलं. हाताशी आहेत, गोष्ट पाठ आहे, आणखी काय हवं? हा निर्णय माझा होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना तो धोंडा किती सोयीचा वाटतो!

काकू मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, त्याही अर्धा तास आधी. खुर्ची स्वतः पुसायच्या. एकदा मी म्हटलं, “काकू, दमत नाही का हो? तेच तेच सांगून?”

“छे! अहो, अठ्ठावीस वर्षं लोकांनी मला विचारलं. पण माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही. इथे माणसं समोर बसतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, तुम्हाला काय वाटलं? आता गोष्ट तुमची आहे, माझी नाही, हे कळतं मला. तरी बरं वाटतं.” मग लाजल्या. “हे लिहू नका हं कुठे.”

सरावात प्रत्येक थेरपिस्टने बैठकीच्या शेवटी गृहपाठ द्यायचा असतो. हे रेकॉर्डिंग रोज एकदा ऐका, कोणत्या क्षणी किती ताण आला तो आकडा शून्य ते शंभरमध्ये लिहा. आता खोट्या पेशंटने मान डोलवायची आणि घरी जायचं, हे न सांगताही कळेल असं आम्हाला वाटलं. काकूंना कधी कुणी काम सांगितलं आणि त्यांनी ते केलं नाही, असं झालेलं नव्हतं. रोज संध्याकाळी पाच वाजता त्या पलंगावर बसून, कानाला फोन लावून, डोळे मिटून ते ऐकायच्या आणि एका वहीत आकडे मांडायच्या.

हे मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. काका एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला केंद्रात आले होते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं मोजकं. जाता जाता म्हणाले, “साहेब, आमच्या घरात रोज पाच वाजता आग लागते. चहा सहाला मिळतो. तेवढी वेळ जरा पुढेमागे करता आली तर बघा.”

मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या केंद्राला ऐकवलं. मॅडमही हसल्या. ज्या गोष्टीने आमची झोप उडायला हवी होती ती आम्ही चहाबरोबर विनोद म्हणून वाटून खाल्ली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

दुसरी फेरी झाली. परीक्षकांचे गुण आले. मी ते मांडले आणि मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. आधीची सरासरी चोवीस होती, नंतरची त्रेचाळीस. सतरा नंबर नवावरून चव्वेचाळीसवर! मी आलेख काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. ही बाई बारा वर्षं एकच गोष्ट सांगत होती, की हे उपचार मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांपुरते नाहीत, साध्या दवाखान्यातल्या साध्या थेरपिस्टलाही ते शिकवता येतात. कुणी ऐकत नव्हतं. आलेख बघून त्यांनी नुसता त्यावरून हात फिरवला. त्या वेळी मला माझं काम फार आवडलं. सतरा नंबरला भाजलेल्या रुग्णांच्या दवाखान्यात जागा मिळाली, सोमवारपासून.

गुरुवारी काकू आल्या. गुरुवार त्यांचा वार नव्हता. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि केंद्राला रंग कधी दिला, जिन्याचा दिवा कुणी बदलला, असं काहीबाही विचारत बसल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना शोभत नव्हतं. मी म्हटलं, “काकू, काय ते बोला.”

“आकडेराव, मला काढा.”

“म्हणजे?”

“तुमचा काटा बिघडलाय. मी बिघडलेय. सतरा नंबरने दुसऱ्या फेरीत मला एकदाच विचारलं, मग काय झालं. दुसऱ्यांदा विचारायचं विसरला बिचारा, कागदात बघत होता. पण मी सांगून टाकलं शटरचं. आपोआप आलं तोंडात. आणि तो एकटाच नाही. बहुतेकांना मी पहिल्या प्रश्नालाच दिलंय. मागच्या वेळी ते सांगताना माझा घसा दाटायचा, आता दाटतच नाही. आकडा विचारतात, किती ताण आहे? पूर्वी नव्वद सांगायचे आणि नव्वदच वाटायचा. आता तीस. त्यांना वाटतं त्यांनी खाली आणला. तो घरूनच खाली आलेला असतो.”

मला कळायला दोन क्षण लागले. कळलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. कसले बघता बघता सुधारलेले थेरपिस्ट आणि कसलं काय! पेशंटच सोपी झाली होती. गृहपाठ करून करून.

आणि मग मी ओरडलो. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं तो गृहपाठ करायला? खोटी पेशंट होतात ना तुम्ही? खोटी! बारा वर्षं त्या बाईने यासाठी घासली आहेत आणि आता तुम्ही येऊन...” असं बरंच. आवाज खालपर्यंत गेला असणार, कारण सायकलवाल्याची ठोकठोक थांबली.

काकूंनी ऐकून घेतलं. खिडकीत अठ्ठावीस वर्षं गाडी चुकलेल्या माणसांचं ऐकून घेतलेलं होतं त्यांनी. मी दमल्यावर त्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

“खोटी म्हणालात, ते बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण कागदावर नुसतं ‘सहकारी’ लिहिलं होतं. डोळे मिटून सांगायचं म्हणजे चेहरा नको का समोर? कुठून आणायचा? मी माझ्या शेजारच्या खिडकीवालीचा घेतला.”

शेजारची खिडकी आरक्षणाची. तिथली बाई आणि काकू एकोणीस वर्षं हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. मधल्या काचेला एक भोक होतं, त्यातून डबा, पेन, गोळ्या, गप्पा इकडून तिकडे जायच्या. ती बाई आजारी पडली, इस्पितळात अकरा दिवस होती. काकूंची सुट्टी रविवारी. रविवारी जाऊ, निवांत बसू, असं त्यांनी ठरवलं. ती शनिवारी दुपारी गेली.

“सहा वर्षं झाली. रजा टाकता आली असती हो मला. कुणी नाही म्हणालं नसतं. हे मी कुणालाच बोलले नव्हते, ह्यांनाही नाही. आणि तुमची ही पोरं मला विचारायची, शटर ओढताना ती आत आहे हे तुम्हाला माहीत होतं का? मी म्हणायची, नव्हतं. तोंडाने मी शटरचं सांगायची, मनात शनिवार असायचा. नव्हतं माहीत. मला वाटलं होतं, दिवस आहेत. रोज पाचला ऐकायची, रोज रडायची. मग एक दिवस ऐकलं आणि रडू आलं नाही. ती नुसती आठवली, डबा काचेच्या भोकातून सरकवताना. चांगलं वाटलं.” त्यांनी रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. “मी गप्प बसणार होते, खोटं कशाला बोलू. ती खुर्ची सोडवत नव्हती मला. पण सोमवारी त्या माणसासमोर खरी भाजलेली बाई येणार. तो एकदाच विचारणार. ती म्हणणार, मग काही नाही, बंब आला. आणि हा म्हणणार, वा, छान. ती तशीच घरी जाणार, आणि तिला वाटणार, उपचार झाले, आपलंच काही जमत नाही. हे बरोबर नाही ना?”

मला माझी लाज वाटली. इतकी, की माफीही धड मागता आली नाही. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो आणि जिन्यात उगाच उभा राहिलो.

मॅडमना सांगायला आम्ही दोघं मिळून गेलो. मी मनात बोलणी खायची तयारी करून गेलो होतो. मॅडमनी सगळं ऐकलं, आलेख ड्रॉवरमध्ये ठेवला आणि एवढंच विचारलं, “किती जणांच्या बाबतीत?” मी तीन दिवस बसून बावीस रेकॉर्डिंगं ऐकली. पंधरा जणांना काकूंनी पहिल्याच प्रश्नाला शटर दिलं होतं. त्या पंधरातल्या कुणालाही ते कळलेलं नव्हतं, परीक्षकांनाही नाही. सतरा नंबरचा सोमवार पुढे ढकलला.

तो तरातरा केंद्रात आला. काकू तिथेच होत्या. कवायतीच्या मैदानावरचा आवाज अर्ध्यावर आणून म्हणाला, “काकू, चव्वेचाळीस मिळाले होते मला. माझं काय चुकलं?”

“तुमचं नाही चुकलं. मी पटकन बोलले.”

“मग मला काहीच येत नाही का?”

“ते मला काय ठाऊक? मी तर आता परीक्षेची राहिलेच नाही,” काकू म्हणाल्या. तो खुर्चीत बसला आणि इतका मोठा माणूस लहान दिसायला लागला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नवी पेशंट शोधली. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालेली बाई, कडक, शिस्तीची. तिला गोष्ट शिकवायचं काम काकूंनी घेतलं. दारं लावून आठ दिवस शिकवलं, उसासा कुठे टाकायचा त्याच्यासकट. पहिल्याच दिवशी ताकीद दिली, “गृहपाठ देतील. घ्यायचा आणि घरी जाऊन विसरायचा. मी करत बसले.” मग नव्या बाईने काकूंच्या खुर्चीत बसून सांगायला सुरुवात केली आणि काकू समोरच्या खुर्चीत, थेरपिस्टच्या. त्या दिवशी बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “त्या बाजूने खुर्ची जरा टोचते हो.” बाकी काही नाही. पण त्या शुक्रवारी त्या अर्धा तास आधी आल्या नाहीत, वेळेवर आल्या, आणि खुर्ची पुसली नाही. मला ते बघवलं नाही.

या वेळी मी शहाणपणा केला. शिकलेले बावीस आणि पुढच्या तुकडीतले अजून न शिकलेले बावीस, सगळे सरमिसळ करून नव्या पेशंटसमोर बसवले. कोण कुठला हे तिलाही माहीत नव्हतं. न शिकलेल्यांची सरासरी आली पंचवीस, शिकलेल्यांची छत्तीस. एकोणीस गुणांचा फरक अकरावर आला. पण अकरा खरे होते. मॅडमनी तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, “हे मी कुणालाही तोंड वर करून सांगेन.” मला वाटतं, आधीच्या आलेखापेक्षा त्या याच आलेखावर जास्त खूश होत्या.

सतरा नंबरला सत्तावीस मिळाले. पास व्हायला चौतीस लागत.

तो सोडून जाणार अशी माझी खात्री होती. पण परीक्षेतून मोकळ्या झालेल्या काकूंना आता कुणालाही शिकवायची बंदी नव्हती, आणि त्यांनी त्याला धरला. केंद्राच्या मागच्या खोलीत दुपारी बसायचे दोघं. एकदा मी दाराशी उभा राहून ऐकलं. काकू सांगत होत्या, “खिडकीवर माणूस आधी विचारतो ते त्याचं खरं विचारणं नसतंच. म्हणतो, आठची गाडी गेली का? त्याला विचारायचं असतं, आता मी घरी कसा जाऊ? पण तेवढं अनोळखी बाईला कसं म्हणणार? मी काही बोलायची नाही, नुसती बघायची. मग तो बोलायचा. तुम्ही बाटली बंद करून ठेवा बघू आधी.”

“आणि ती रडायला लागली तर?”

“रडू दे की! रडल्याने कुणी मेलंय का? तुम्हाला बघवत नाही म्हणून तुम्ही पाणी देता. तहान तुमची असते हो.”

त्याने बाटली पिशवीत टाकली. मग दोघंही बराच वेळ बोलले नाहीत. तो सराव चालला होता हे मला उशिरा कळलं. सहा आठवड्यांनी त्याने पुन्हा परीक्षा दिली. एकोणचाळीस. तो सध्या त्या भाजलेल्या रुग्णांच्या दवाखान्यात आहे, आणि आवाज अजून मोठाच आहे.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा शेवटी ‘अभ्यासातील त्रुटी’ असं एक प्रकरण लिहावं लागतं. आपलं काय चुकलं ते प्रामाणिकपणे सांगायचं. मी दीड पान लिहिलं. मापनसाधनातील कालानुरूप बदल, पुनरावृत्तीचा परिणाम, असं काय काय. मॅडमनी ते सगळं खोडलं आणि समासात लिहिलं, ‘काय झालं ते साध्या भाषेत लिहा.’ मी परत बसलो. शेवटी एकच वाक्य उरलं. ‘चाचणीसाठी नेमलेली पेशंट अभ्यासाच्या काळात बरी झाली.’

छापायला देण्याआधी ते काकूंना दाखवणं मला भाग वाटलं. त्यांच्या घरी गेलो. काका टेबलाशी एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “या. हल्ली आमच्याकडे आग लागत नाही. चहा पाचलाच होतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिने मला सांगितलं, शनिवारचं. सहा वर्षं एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता हो.” आणि परत घड्याळात वाकले.

काकूंनी अहवालाची पानं सावकाश उलटली. आकडे सोडून दिले. शेवटच्या पानावर थांबल्या, वाक्य वाचलं, परत वाचलं.

“माझ्याबद्दल आहे ना?”

“हो. काही खटकत असेल तर काढतो.”

“खटकत नाही. पण हे चुकांमध्ये का टाकलंत?”

“नियम आहे, काकू. पेशंट बदलायला नको होती.”

“वर घ्या.”

“वर नाही घेता येत. वर निष्कर्ष असतात. म्हणजे उपचारांनी, शिकवण्याने काय साधलं ते.”

काकूंनी चष्मा काढून दोरीवर सोडला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मी गडबडलो, चहाचा कप उचलला, परत ठेवला.

“मग हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

ते वाक्य मी तिथेच, त्यांच्या पेनाने, पहिल्या पानावर घेतलं. मॅडमनी ते खोडलं नाही.